जिवाणूंच्या ताटात उरलेले औषध

दसरा-दिवाळीच्या सुमारास जालना जिल्ह्यातील टेंभुर्णीच्या शिवारात गेले, तर एकीकडे कापूस वेचणी आणि दुसरीकडे सोयाबीनची सोंगणी चाललेली दिसते. सुड्या रचलेल्या असतात, मळणीयंत्राची घरघर ऐकू येते. शेतकऱ्याला काळजी असते ती भावाची आणि दाण्यातील ओलाव्याची. त्याच दाण्यात दम्यावरील व संधिवातावरील औषधांचा कच्चा मालही दडलेला आहे, हे मात्र सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही.

थोडे गणित करू. एक क्विंटल सोयाबीनमधून सुमारे १८ किलो तेल निघते. कच्च्या तेलात दर किलोमागे साधारण ३ ग्रॅम वनस्पति-स्टेरॉल असतात. म्हणजे क्विंटलमागे ५४ ग्रॅम. त्यांतील बराच भाग खाण्याच्या तेलातच राहतो. परंतु तेलाचा वास घालविण्यासाठी कारखान्यात त्यातून निर्वातात वाफ सोडतात, तेव्हा काही स्टेरॉल वाफेबरोबर बाहेर पडतात. वाफ निवविली की तपकिरी, तेलकट असा अवशेष मिळतो. स्टेरॉल वेगळे करतात ते यातून.

स्टेरॉल आणि स्टेरॉइड एकाच कुळातले. कार्बन अणूंची चार वलये एकमेकांना चिकटलेली, तीन षट्कोनी आणि एक पंचकोनी, हा या कुळाचा सांगाडा. त्यात १७ कार्बन असतात. आपल्या शरीरातील कोलेस्टेरॉल, कॉर्टिसोल, स्त्री-पुरुषांची लैंगिक संप्रेरके या सर्वांचा सांगाडा हाच. फरक फक्त वलयांना काय व कोठे जोडले आहे याचा. सोयाबीनमधील मुख्य स्टेरॉल म्हणजे सिटोस्टेरॉल. त्यात २९ कार्बन असतात व त्यांपैकी १० कार्बनांची एक लांब शेपटी सतराव्या कार्बनाला लटकलेली असते. ही शेपटी कापली, की १९ कार्बनांचा औषधोपयोगी गाभा हाती येतो.

कागदावर हे सोपे वाटते! प्रत्यक्षात रसायनशास्त्रज्ञांना या शेपटीने फार छळले.

सप्टेंबर १९४८ मध्ये अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी संधिवाताने जखडलेल्या एका स्त्रीला कॉर्टिसोन टोचले आणि थोड्याच दिवसांत ती चालू लागली. १९५० चे नोबेल पारितोषिक हेंच, केंडॉल आणि राइखश्टाइन यांना मिळाले. पण हे औषध बैलाच्या पित्तापासून तीसहून अधिक रासायनिक पायऱ्या चढून तयार होई. १९४९ मध्ये एका ग्रॅमची किंमत २०० डॉलर होती. सर्वांत अवघड काम होते अकराव्या कार्बनावर ऑक्सिजन बसविण्याचे. १९५२ मध्ये अपजॉन कंपनीच्या पीटरसन आणि मरे यांनी ते रायझोपस या बुरशीकडून करून घेतले. शिळ्या पावावर जी काळी बुरशी येते, तिचेच हे कूळ. अनेक पायऱ्यांचे काम बुरशीने एका पायरीत केले आणि किमती कोसळल्या.

त्या काळी मूळ कच्चा माल मेक्सिकोतील रानटी कंदांपासून मिळत असे. आपल्याकडे हिमालयातील तशाच कंदांची इतकी खणती झाली की ती वनस्पती दुर्मिळ झाली. मग सोलॅनम व्हायरम या काटेरी रानवांग्याच्या फळांकडे लक्ष वळले व महाराष्ट्रातही त्याची लागवड झाली. काट्यांमुळे फळे तोडणे जिकिरीचे होते. सोयाबीन मात्र तेलासाठी आणि पेंडीसाठी पिकतेच. त्याचे स्टेरॉल म्हणजे ऊस गाळल्यावर राहिलेल्या मळीसारखे, आयते.

सोयाबीनची वाट प्रथम दाखविली ती पर्सी ज्यूलियन यांनी. हे कृष्णवर्णीय अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ. वर्णामुळे अनेक संस्थांनी त्यांना नोकरी नाकारली होती. १९४० मध्ये शिकागोच्या ग्लिडन कंपनीत सोयाबीन तेलाच्या एका टाकीत चुकून पाणी शिरले व पांढरा साका जमला. इतरांना ती नासाडी वाटली. ज्यूलियननी ओळखले की हे स्टेरॉल आहेत. त्यांतील स्टिग्मास्टेरॉलच्या शेपटीत एक दुहेरी बंध असतो; तेथे ती रासायनिक रीतीने तोडता येते. सिटोस्टेरॉलच्या शेपटीत असा बंध नाही. त्यामुळे साठ्यातील मोठा हिस्सा तसाच पडून राही.

येथे मायकोबॅक्टेरियम कुळातील मातीतले निरुपद्रवी जिवाणू मदतीला आले. ते स्टेरॉल चक्क खातात! शेपटीचे दोन-दोन, तीन-तीन कार्बनांचे तुकडे तोडत जातात, मग वलये फोडतात व शेवटी सर्व पचवितात. अडचण एवढीच की पूर्ण जेवू दिले तर ताटात काहीच उरत नाही. त्यांना नेमके अर्ध्या जेवणावरून उठवायचे कसे?

वलय फोडण्यासाठी जिवाणूला दोन विकरे, म्हणजे एन्झाइमे, लागतात. एक पहिल्या वलयात दुहेरी बंध आणते, दुसरे नवव्या कार्बनावर ऑक्सिजन बसविते. दोन्ही कामे झाली की दुसरे वलय आपोआप उकलते. ही दोन्ही विकरे बंद पाडली, तर शेपटी जाते पण गाभा शाबूत राहतो. हा गाभा म्हणजे अँड्रोस्टीनडायोन. फक्त पहिले विकर बंद केले, तर नवव्या कार्बनावर ऑक्सिजन असलेला पदार्थ साठतो. डेक्सामेथासोनसारखी औषधे करण्यास तो सोयीचा.

१९७० च्या दशकात असे जिवाणू मिळविण्यासाठी त्यांच्यात सरसकट उत्परिवर्तने घडवून हजारोंतून एखादा निवडत. नशिबाचाच भाग तो. शिवाय असा वाण कधी कधी मूळ वळणावर जाई. सन २००० च्या सुमारास विकराचे जनुकच कापून काढण्याची पद्धत आली. कापलेले जनुक परत येत नाही. मात्र एकाच विकराची दोन-तीन जनुके असू शकतात. पुढचे दार लावले तरी मागचे उघडे! म्हणून सगळी शोधून बंद करावी लागतात.

दुसरी अडचण पाण्याची. स्टेरॉल पाण्यात विरघळत नाहीत. ते तेलात मिसळून किंवा सायक्लोडेक्स्ट्रिन नावाच्या शर्करेच्या कड्यांत बसवून द्यावे लागतात. त्यातही हे जिवाणू सावकाश जेवणारे. एक घाणा उतरायला कित्येक दिवस लागतात. असे निवडलेले वाण नीट जपून ठेवणे हेही एक शास्त्रच आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत उद्योगोपयोगी सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह आहे, तो याच कामासाठी.

जून २०२० मध्ये ऑक्सफर्डच्या संशोधकांनी जाहीर केले, की कृत्रिम श्वसनयंत्रावरील कोविड रुग्णांतील मृत्यू डेक्सामेथासोनमुळे सुमारे एक-तृतीयांशाने घटतात. औषध जुने आणि स्वस्त, म्हणून गावोगावच्या रुग्णालयांना ते परवडले. (ही औषधे डॉक्टरांना न विचारता घेणे घातक असते. गोरे होण्याच्या मलमांतूनही ती पोटभर विकली जातात, हे वाचकांनी घरी सांगावे.)

आता या कुळाचा दुसरा भाऊ पाहा. क्षयरोगाचा जिवाणूही मायकोबॅक्टेरियमच. २००७ मध्ये असे दिसून आले की कोलेस्टेरॉल पचविणारी जनुके त्याच्याकडेही आहेत. फुफ्फुसातील पेशींत दडून तो आपलेच कोलेस्टेरॉल खातो. २०१० मध्ये संशोधकांनी त्याच्यातील नवव्या कार्बनावर ऑक्सिजन बसविणारे विकर बंद केले व तो उंदरांना टोचला. तेव्हा त्याची रोग जडविण्याची शक्ती खूपच खालावली. कारखान्यातील जिवाणूला अर्ध्या जेवणावरून उठविण्यासाठी जे विकर बंद करतात, तेच हे. ते बंद पाडणारे रेणू क्षयावर औषध म्हणून चालतील का, याचा शोध चालू आहे.