कार्ड नंतर, आधी काम सांगा

बाळापुरातल्या पोरांनी नवा पीसी जुळवायला घेतला की गाडी ग्राफिक्स कार्डाच्या एकाच प्रश्नावर अडते : "काका, आरटीएक्स ३०६० घेऊ का ४०६०?" कोणी लग्नाचे व्हिडिओ जोडतं, कोणी अल्बम डिझाइन करतं, कोणाला थ्रीडीचं ब्लेंडर शिकायचंय, कोणाला रात्री गेम खेळायचाय. मी आधी त्यांनाच तीन गोष्टी विचारतो. काम कोणतं? घरची विजेची लाइन कशी? मे महिन्यात खोली किती तापते? या तिन्हींची खरी उत्तरं दिलीत तर कार्ड निवडणं अवघड नाही. पुढचे मंत्र ध्यानात ठेवा.

१. कोरच्या आकड्यावर भाळू नका.
३०६० मध्ये ३५८४ कुडा कोर आहेत, ४०६० मध्ये ३०७२. तरीही बहुतेक गेममध्ये ४०६० पंधरा-वीस टक्के पुढे राहतं. त्याचे कोर नव्या पिढीचे आहेत, त्याचा क्लॉक २.४६ गिगाहर्ट्झपर्यंत जातो (३०६० चा १.७८), आणि चिपमधली एल-टू कॅश ३ एमबीवरून २४ एमबी झाली आहे. अकोल्याच्या बाजारात कापसाचा भाव नुसत्या वजनावर ठरत नाही, धाग्याची लांबी आणि ओलावाही पाहतात, कार्डाचंही तसंच. कोरची तुलना एकाच पिढीतल्या कार्डांत करावी. पिढी बदलली की आपल्या कामाची चाचणी पाहावी.

२. बँडविड्थ कागदावर काढा.
मेमरी बसची बिटमधली रुंदी गुणिले मेमरीचा वेग, भागिले आठ. ३०६० चे १९२ गुणिले १५ भागिले ८, म्हणजे सेकंदाला ३६० जीबी. ४०६० चे १२८ गुणिले १७ भागिले ८, म्हणजे २७२. इथे जुनं कार्ड पुढे आहे. मोठ्या कॅशमुळे १०८०पी गेममध्ये नव्याला ही उणीव फारशी जाणवत नाही, पण रिझोल्यूशन वाढवत गेलात की जाणवू लागते. २०२५ साली आलेल्या ५०६० लाही हाच हिशोब लावा : १२८ गुणिले २८ भागिले ८, म्हणजे ४४८. कार्डं दर दोन वर्षांनी बदलतील, हिशोब हाच राहील.

३. मेमरी कामावरून मोजा.
३०६० ला १२ जीबी, ४०६० ला ८. समजा, मन आणि म्हैस नद्यांच्या संगमावरचा आपला किल्ला किंवा मिर्झाराजे जयसिंगांची छत्री तुम्हाला ब्लेंडरमध्ये उभी करायची आहे. दगडी भिंतीचं एक ८के टेक्स्चर म्हणजे ८१९२ गुणिले ८१९२ पिक्सेल, प्रत्येकी चार बाइट : २५६ एमबी. अशी बत्तीस टेक्स्चर झाली की ८ जीबी संपले, मॉडेलला जागाच उरली नाही. मग रेंडर रखडतं किंवा बंद पडतं. मेमरी पुरत असेल तोवर ४०६० जलद आहे. ती संपली की ३०६० चे जास्तीचे ४ जीबी कामाला येतात. लग्नाच्या ४के व्हिडिओत नॉइज रिडक्शनचे थर चढवणाऱ्यांनाही हेच लागू. उलट, तयार व्हिडिओ एव्ही१ मध्ये काढायचा असेल तर ती सोय ४०६० मध्येच आहे, ३०६० मध्ये नाही.

४. डब्यावरचं पूर्ण नाव वाचा.
ऑक्टोबर २०२२ मध्ये ३०६० चं ८ जीबीचं रूप आलं. नाव तेच, पण बस १२८ बिटची आणि बँडविड्थ २४०. जीटी १०३० या कार्डात तर फरक याहून मोठा : जीडीडीआर५ वाल्याची बँडविड्थ ४८, डीडीआर४ वाल्याची १७ सुद्धा नाही. दुकानात "३०६० द्या" एवढंच म्हणू नका. मेमरी किती, कोणती आणि बस किती बिटची, हे तिन्ही विचारा आणि डब्यावर पाहा.

५. ऊन आणि लाइन हिशोबात धरा.
कार्डांच्या चाचण्या बहुधा वीस-पंचवीस अंशांच्या थंड खोलीत होतात. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ वर जातो. खोली जितकी जास्त तापते, जवळजवळ तितकेच अंश कार्डही जास्त तापतं, आणि फार तापलं की स्वतःच वेग कमी करतं. ३०६० पूर्ण भाराला १७० वॅट खातं, ४०६० ११५. हे जास्तीचे ५५ वॅट खोलीतली उष्णताही वाढवतात. रोज चार तास पूर्ण भार धरला तर तीनशे दिवसांत ६६ युनिटांचा फरक पडतो. ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटच पेलतो. लाइन गेल्यावर काम सेव्ह करायला वेळ मिळावा म्हणून हे ५५ वॅट महत्त्वाचे. अर्थिंग तपासल्याशिवाय महागडं कार्ड बसवू नका. कूलरचा ओला झोत कॅबिनेटवर येऊ देऊ नका. कापसाच्या हंगामात पंख्यात तंतू अडकतात. ब्लोअर मारताना पंखा बोटाने धरून ठेवा, फिरू देऊ नका.

६. मदरबोर्ड जुना असेल तर थांबा.
४०६० पीसीआयईच्या आठ लेन वापरतं, ३०६० सोळा. पीसीआयई ३ च्या जुन्या बोर्डावर ४०६० ला सेकंदाला साधारण ८ जीबीचाच मार्ग मिळतो, ३०६० ला १६ चा. एरवी फरक थोडा पडतो. कार्डाची मेमरी भरून माल रॅमकडे जाऊ लागला की मात्र चांगलाच पडतो.

७. सेकंडहँड घेताना घाई नको.
सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाचं ग्राफिक्स कार्डांवरचं मायनिंग बंद झालं आणि दिवसरात्र राबलेली कार्डं बाजारात आली. असं कार्ड समोर लावून अर्धा तास पूर्ण भार देऊन पाहा. तापमान, पंख्याचा आवाज, पडद्यावरचे ठिपके बघा. अनुक्रमांक लिहिलेलं मूळ बिल नसेल तर वॉरंटी धरूच नका.

आता निकाल. गेम, फुल एचडी व्हिडिओ, अल्बम, आणि घरात उकाडा व लहान यूपीएस असेल तर ४०६०. ब्लेंडर किंवा ४के चं जड काम, बोर्ड जुना आणि एसएमपीएस चांगला असेल तर १२ जीबीचं ३०६०. दोन्हींत मन अडकलं तर आपली स्वतःची फाइल पेनड्राइव्हवर घेऊन दुकानात जा, दोन्ही कार्डांवर चालवून बघा, आणि मगच पैसे मोजा.