सावधान, विश्राम आणि तोल

रोज सकाळी प्रार्थनेच्या वेळी ‘सावधान’ म्हटले की तुम्ही टाचा जुळवता आणि ‘विश्राम’ म्हटले की पाय फाकवून उभे राहता. या दोन अवस्थांत शरीराला किती वेगवेगळे काम पडते याचा विचार आम्ही शिक्षकांनीही कधी केला नव्हता. तो करायला लावला आमच्याच एका विद्यार्थिनीने. तिचे नाव येथे देत नाही; तिची व तिच्या आईवडिलांची संमती घेऊनच हे लिहीत आहोत.

पाचवी-सहावीपर्यंत ही मुलगी लेझीम पथकात पहिल्या रांगेत असे. सातवीत तिची पावले चुकू लागली. आम्ही तिला मागच्या रांगेत घातले. पुढे ती व्हरांड्यातून चालताना भिंतीला हात लावून चालू लागली, तेव्हा भिंती मळतात म्हणून आम्ही रागावलो. अक्षर बिघडले म्हणून टापटिपीचे गुण कापले. आणि प्रार्थनेला ‘सावधान’ म्हटल्यावरही ती पाय फाकवूनच उभी राहते, म्हणून तिला एकदा पुढे बोलावून, सर्वांसमोर, पाय जुळवून उभे केले. ती डोलली आणि पडली. वर्गात हशा पिकला. आम्हीही ते नाटक समजलो.

खरी गोष्ट ओळखली ती तिच्या आजीने. दांडिया बाजारातल्या त्यांच्या जुन्या वाड्यात जिना अरुंद आणि काळोखी. आजींनी सांगितले की दिवसा ही पोर जिना कशीबशी चढते, पण दिवे गेले की पहिल्याच पायरीवर बसते. “अंधाराला भीत नाही हो ती, अंधारात तिला पायच सापडत नाहीत.” आजींचे हे वाक्य वैद्यकाच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात शोभेल असे आहे. का, ते पुढे पाहू.

आधी थोडे पदार्थविज्ञान. गवंडी भिंत सरळ आहे का हे ओळंबा सोडून पाहतो. आपल्या शरीराचा गुरुत्वमध्य साधारण बेंबीच्या जरा खाली असतो. तेथून खाली ओळंबा सोडला आहे अशी कल्पना करा. तो ओळंबा दोन पावले आणि त्यांच्या मधली जागा यांच्या आत पडतो तोवर आपण उभे; बाहेर गेला की पडलो, किंवा पाऊल टाकून सावरलो. विश्राममध्ये ही आधाराची जागा रुंद असते, सावधानमध्ये अरुंद. एका पावलाच्या पुढे दुसरे, टाचेला अंगठा लावून, दोरीवर उभे राहिल्यासारखे उभे राहिलो तर ती जेमतेम पावलाच्या रुंदीएवढी उरते. चालताना तर प्रत्येक पावलागणिक काही क्षण आपण एकाच पायावर असतो. म्हणजे चालणे हे पडता पडता सावरणेच आहे.

हे सावरण्यासाठी मेंदूला तीन ठिकाणांहून बातमी येते. एक डोळे. दुसरा अंतर्कर्ण, ज्यातल्या द्रवाच्या हालचालीवरून डोके कुठे कलले ते कळते. तिसरी बातमी पायांच्या स्नायूंतून आणि सांध्यांतून मेरुरज्जूच्या मागच्या भागातून वर जाते: घोटा किती वळला, तळव्यावर भार कुठे पडला. या तिन्ही बातम्या जुळवून ऐन वेळी योग्य तो स्नायू योग्य तेवढाच ताणायचा, या कामात अनुमस्तिष्काचा मोठा वाटा असतो. तिन्हींपैकी एक बातमी तुटली तर बाकी दोन सांभाळून घेतात. दोन तुटल्या तर मात्र पंचाईत होते.

प्रयोग करून पाहा. भिंतीजवळ, सपाट जमिनीवर (बाकावर नव्हे), शेजारी मित्राला उभे करून, पाय जुळवून उभे राहा. मग डोळे मिटा. किंचित डोलाल, पण पडणार नाही, कारण पाय आणि कान काम करत आहेत. बर्लिनचे डॉक्टर मोरिट्झ रोमबर्ग यांनी १८४० च्या दशकात मेरुरज्जूच्या एका आजाराचे वर्णन करताना लिहिले की हे रुग्ण डोळे उघडे असताना उभे राहतात, पण डोळे मिटले की डोलू लागतात आणि पडतात. ही ‘रोमबर्ग चाचणी’ डॉक्टर आजही रोज करतात. तिच्यात माणूस डोलतो की नाही एवढेच पाहायचे नसते. डोळे उघडे असताना आणि मिटल्यावर किती फरक पडतो ते पाहायचे असते. मिटल्यावर एकदम बिघडले, तर पायांकडून येणारी बातमी तुटली आहे आणि माणूस डोळ्यांच्या आधारावर उभा होता असा अंदाज बांधता येतो. डोळे उघडे असतानाही पाय जुळवता येत नसतील, तर संशय अनुमस्तिष्काकडे जातो. साबण लावताना डोळे मिटले आणि न्हाणीघरात तोल गेला, किंवा दिवे गेल्यावर पाय सापडेनासे झाले, ही घरच्या घरी झालेली रोमबर्ग चाचणीच. आजींनी ती न शिकता केली होती.

मामाकडे मुंबईला नेऊन तपासण्या झाल्या आणि निदान आले: फ्रीड्रिखचा अटॅक्सिया. ‘अटॅक्सिया’ म्हणजे हालचालींतला ताळमेळ जाणे. जर्मनीतील हायडेलबर्गचे डॉक्टर निकोलाउस फ्रीड्रिख यांनी १८६३ साली हा आजार प्रथम वर्णिला. त्याचे जनुक मात्र १९९६ साली सापडले. या जनुकात ‘जीएए’ ही तीन अक्षरे प्रमाणाबाहेर वेळा लिहिली गेलेली असतात, त्यामुळे ‘फ्रॅटॅक्सिन’ नावाचे प्रथिन कमी तयार होते आणि पेशीतल्या तंतुकणिकांचे काम बिघडते. मेरुरज्जूला पायांची बातमी पोचवणाऱ्या चेतापेशी आधी झिजतात, अनुमस्तिष्काच्या कामावरही परिणाम होतो. म्हणजे दोन्हीकडून कोंडी. हृदयालाही धोका असतो, पाठीचा कणा वाकू शकतो. बुद्धी मात्र शाबूत असते, हे आम्ही अधोरेखित करून सांगतो, कारण लडखडणारी जीभ आणि वेडेवाकडे अक्षर पाहून आपण भलताच निष्कर्ष काढतो. आई आणि वडील दोघांकडून सदोष जनुक आले तरच आजार होतो. स्वतः दोघेही ठणठणीत असतात. नववी-दहावीच्या मुलांनी मेंडेलचा तक्ता काढून पाहावा: अशा जोडप्याच्या प्रत्येक अपत्याला ही शक्यता चारात एक असते. कोणाच्या दृष्टीचा किंवा पापाचा येथे काही संबंध नाही.

आता मूळ विषय: मोजायचे कसे? ताप थर्मामीटरने मोजतात, तोल कशाने मोजणार? त्यासाठी २००६ साली युरोपातील चेतातज्ज्ञांनी एक मोजपट्टी प्रसिद्ध केली. तिचे नाव ‘सारा’. नावावरून शेतसारा आठवेल, पण ती इंग्रजी आद्याक्षरे आहेत. आठ बाबी, एकूण ४० गुण. आपल्या परीक्षेच्या अगदी उलट, येथे शून्य मिळवणारा सर्वांत चांगला.

चालण्याला ८ गुण. रुग्णाला भिंतीला समांतर, पण भिंतीपासून सुरक्षित अंतरावर चालायला सांगतात, मग वळायला, मग टाचेला अंगठा लावत दहा पावले टाकायला. दहा पावले सरळ टाकली, एखादे चुकले तरी शून्य. ती दहा पावले टाकतानाच काय ती अडचण दिसली तर १. ती जमतच नसतील तर २. झोकांड्या जातात, वळताना अडचण येते, पण आधार लागत नाही, ३. मधूनमधून भिंतीला हात लावावा लागतो, ४. कायम एक काठी किंवा कोणाच्या हाताचा हलका आधार, ५. असे करत आधार देऊनही चालता येत नाही तेव्हा ८. उभे राहण्याला ६ गुण: अनवाणी, डोळे उघडे, आधी नेहमीसारखे, मग पाय जुळवून, मग एकामागे एक पाऊल ठेवून, आणि दर वेळी दहा सेकंद टिकायचे. तीन संधी मिळतात, त्यातली उत्तम धरतात. बसण्याचे ४, बोलण्याचे ६ आणि हाताचे बोट नाकाला लावणे, टाच नडगीवरून सरकवणे वगैरे चार बाबींचे प्रत्येकी ४.

तिच्या आईने तो गुणांचा कागद शाळेत आणून आमच्यासमोर ठेवला. चालणे ४. उभे राहणे ३. तीनचा अर्थ असा की नेहमीसारखे पाय फाकवून ती दहा सेकंद उभी राहू शकते, पाय जुळवून नाही. विश्राम जमते, सावधान जमत नाही. ज्या गोष्टीसाठी आम्ही तिला सर्वांसमोर उभे केले होते, ती त्या कागदावर एक पायरी म्हणून छापलेली होती. आणि भिंती मळवणारा हात ही दुसरी. त्या दिवशी शिक्षकदालनात कोणी फारसे बोलले नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही तिची माफी मागितली. पाडले सर्वांसमोर होते, म्हणून माफीही सर्वांसमोर.

एवढे बारीक गुण कशाला, निदान तर झालेच ना, असे काहींना वाटेल. आम्हालाही वाटले होते. पण दुर्मिळ आजारांत याचेच मोल अधिक आहे. युरोपीय वंशाच्या लोकांत हा आजार साधारण ५०,००० त एकाला होतो. एखाद्या डॉक्टरच्या आयुष्यात असे मोजकेच रुग्ण येतात. ‘बरी चालते’, ‘जरा बिघडले आहे’ अशा शब्दांनी मुंबईच्या डॉक्टरचे बोलणे बर्लिनच्या डॉक्टरला कसे कळावे? आणि आजार इतका हळू सरकतो की रोज पाहणाऱ्याला फरक दिसत नाही. २०२३ साली अमेरिकेत ‘ओमाव्हेलॉक्सोलोन’ या औषधाला या आजारासाठी, १६ वर्षे व त्यापुढील रुग्णांकरिता, मान्यता मिळाली. चाचणीत ४८ आठवड्यांनंतर औषध घेणारे आणि न घेणारे यांच्यात फरक पडला तो ९३ गुणांच्या अशाच एका मोजपट्टीवर सरासरी २.४ गुणांचा. गुण देणाऱ्याने ढिलाई केली असती तर हा फरक त्यातच बुडून गेला असता. म्हणूनच चाचणी दर वेळी एकाच पद्धतीने करावी लागते. थकल्यावर केली, सपाता घालून केली, किंवा कोणी प्रेमाने कोपर धरले, की गुण बदलतात. सोबतच्या माणसाने हाताच्या अंतरावर चालायचे, पण धरायचे नाही. आईला हे सर्वांत जड गेले, असे तिने सांगितले. याशिवाय खुर्चीवरून उठून तीन मीटर जाऊन परत येऊन बसायला किती सेकंद लागतात, तेही घड्याळ लावून पाहतात. ही चाचणी मूळ म्हाताऱ्या माणसांसाठी १९९१ साली आली.

मात्र सर्व लडखडणे एका जातीचे नसते. चेतातज्ज्ञ रुग्ण दारातून खुर्चीपर्यंत येईपर्यंत निम्मे काम उरकतो म्हणतात. पाय ताठ, गुडघे एकमेकांना घासतात आणि चपलेचे पुढचे टोक झिजलेले असते, तर आनुवंशिक ‘स्पास्टिक पॅराप्लेजिया’चा विचार होतो, चांभाराला हे डॉक्टरच्या आधी दिसू शकते. पाऊल लोंबते म्हणून गुडघा उंच उचलून चालणारा असेल तर पायाच्या चेता दुखावल्या असाव्यात. उतारवयातले कोणी पहिल्याच एकदोन वर्षांत वारंवार मागच्या मागे पडत असेल आणि त्याला खाली ताटाकडे पाहणे जमत नसेल, तर १९६४ साली टोरांटोच्या डॉक्टरांनी वर्णिलेला ‘पीएसपी’ हा आजार आठवतात. त्यासाठी डॉक्टर रुग्णाच्या मागे उभे राहून खांदे झटक्यात मागे ओढतात आणि तो किती पावलांत सावरतो ते मोजतात. ही चाचणी घरी कोणीही करू नये, आजोबांवर तर मुळीच नाही.

आणि एक अभिमानाची गोष्ट. १९७१ साली मुंबईचे डॉ. नोशीर वाडिया आणि डॉ. स्वामी यांनी नऊ भारतीय कुटुंबांतला एक अटॅक्सिया जगापुढे मांडला. तोल जाण्यासोबत या रुग्णांची नजर एका वस्तूवरून दुसरीकडे फार संथपणे सरके. आज तो ‘एससीए २’ या प्रकारात मोडतो. ते निरीक्षण जनुक सापडण्याच्या कितीतरी आधीचे, केवळ डोळ्यांनी डोळ्यांकडे पाहून केलेले आहे.

हा लेख वाचून वर्गमित्रांना गुण द्यायला बसू नका. सहा-सात वर्षांपर्यंतच्या धडधाकट मुलांनाही टाचेला अंगठा लावून चालणे नीट जमत नाही, आणि ताप येऊन गेलेला किंवा रात्री न झोपलेला मोठा मुलगाही डोलतो. पण पूर्वी येत असलेली गोष्ट महिनोन्‌महिने येईनाशी होत असेल, तर ते आईवडिलांना आणि आम्हाला सांगा. तेवढे पुरे. आम्हीही आता कवायतीच्या वहीत पाऊल चुकणाऱ्यांची नावे लिहिताना शेजारी ‘कधीपासून’ असा एक रकाना आखला आहे.

ती आता नववीत आहे. वर्षभर नियमित व्यायाम करते; त्याने आजार जात नाही, पण तोलाला मदत होते. गेल्या महिन्यात पुन्हा गुण काढले. चालणे ४ चे ५ झाले आहे, म्हणजे काठी आली. उभे राहणे ३ वरच आहे, आणि त्या तीनचे तिच्या घरी श्रीखंड करून कौतुक झाले. तिचा वर्ग तळमजल्यावर आणला आहे, लेखी परीक्षेत जादा वेळ मिळतो. प्रार्थनेच्या वेळी रांगेच्या टोकाला, भिंतीलगतची जागा तिची. ‘सावधान’ म्हटल्यावर सगळ्यांच्या टाचा जुळतात, तिचे पाय जिथे आहेत तिथेच राहतात.