शिंदळ माकुडी : कड्यावरचें एक दुर्मिळ झुडूप



आपल्या डोंगरांतील आंबा, जांभूळ, हिरडा, साग हीं झाडें लहान मुलांसहि ओळखतां येतात. त्यांचा उपयोग आहे, म्हणून त्यांचीं नांवें घरोघरीं ठाऊक आहेत. ज्या रोपांचा उपयोग आपणांस माहीत नाहीं त्यांस मात्र आपण सरसकट 'झुडूप' किंवा 'रानटी गवत' म्हणतों, आणि पुढें चालूं लागतों. अशा दुर्लक्षित रोपांपैकीं एकाची ओळख करून देण्याचें ह्या पाठांत योजिलें आहे. त्याचें नांव शिंदळ माकुडी. नांव कानास थोडें खटकेल खरें. परंतु डोंगरांतील लोकांनीं दिलेलें तेंच नांव ग्रंथांतहि आलें आहे, म्हणून आपणहि तेंच ठेवूं.

हें झुडूप महाराष्ट्राबाहेर जगांत कोठेंहि आपोआप उगवत नाहीं. महाराष्ट्रांतहि तें सर्वत्र नाहीं. जुन्नरजवळचा शिवनेरी, पुरंदराशेजारचा वज्रगड, महाबळेश्वरचे डोंगर, अकोले तालुक्यांतील रंधा धबधब्याचा परिसर, अशा सह्याद्रीच्या मोजक्या ठिकाणींच तें आढळलें आहे. हीं ठिकाणें एकमेकांपासून दूर आहेत. आणि मधल्या मैदानांत, शेताच्या बांधावर किंवा ओढ्याच्या कांठीं तें शोधूं गेल्यास सांपडत नाहीं. त्याची जागा म्हणजे उभा कडा. समुद्रसपाटीपासून सुमारें साडेसातशें ते तेराशें मीटर उंचीवर, काळ्या खडकाच्या भेगेंत जेथें मूठभर माती साचली असेल, तेथें तें मूळ धरितें.

ती जागा कशी असते ह्याचा जरा विचार करा. आपले डोंगर हे सुमारें ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वीं भूमींतून बाहेर आलेल्या तप्त रसाचे, एकावर एक बसलेले थर आहेत. थराची कडा जेथें तुटली तेथें सरळ भिंतीसारखा कडा तयार झाला. पावसाळ्यांत त्यावरून रात्रंदिवस पाणी वाहतें आणि धुकें दिवसचे दिवस हटत नाहीं. महाबळेश्वरास तर वर्षाला साडेपांच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. पण पाऊस थांबला कीं थोड्याच आठवड्यांत तोच खडक कोरडा होतो, आणि चैत्र-वैशाखांत त्यावर हात ठेववत नाहीं. भेगेंतली माती इतकी थोडी कीं तिच्यांत ओलावा राहणार तरी किती? म्हणजे ह्या रोपास एकाच जागीं उभें राहून चार महिने पुरांत आणि आठ महिने दुष्काळांत काढावयाचे असतात.

रोप दिसण्यांत साधेंच आहे. त्याच्या फांद्या बोटाएवढ्या जाड, गोल, गुळगुळीत व रसानें भरलेल्या असून त्या कड्यावरून खालीं लोंबतात किंवा खडकावर पसरतात. हातभर वाढ झाली म्हणजे पुष्कळ झाली. झुडूप म्हणावें तर लांकूड नाहीं, आणि नुसतें रोप म्हणावें तर तें पावसाळ्यानंतर मरत नाहीं. पाऊस पडला कीं फांद्यांच्या टोकांकडे जाडसर, लांबट पानें फुटतात; ऊन तापलें कीं तीं गळून पडतात, आणि उरतात त्या नुसत्या उघड्या कांड्या. उन्हाळ्यांत पाहणारास तें मेलेलें वाटतें.

तें रुईच्या कुळांतलें आहे. माकडशिंगी, जिच्या कोवळ्या कांड्या गुराख्यांचीं पोरें रानांत मोडून खातात, तीहि त्याची जवळची सोयरी. माकडशिंगीची कांडी चौधारी असते व तिजवर पानें जवळजवळ नसतातच. ह्या पोटजातींतील बहुतेक सर्व रोपांची हीच स्थिति आहे. कोरड्या देशांत राहून त्यांनीं पानें टाकून दिलीं, असें म्हणावयास हरकत नाहीं. शिंदळ माकुडीनें मात्र पानें ठेविलीं, आणि खोडहि रसाळ केलें. ह्याचें रहस्य इ. स. १९७७ मध्यें लांगे व त्झुबर ह्या दोन संशोधकांनीं प्रसिद्ध केलें. तें समजण्याजोगें आहे, म्हणून थोडें सविस्तर सांगतों.

प्रत्येक हिरवी वनस्पति हवेंतील एक वायु आंत घेऊन सूर्यप्रकाशाच्या साहाय्यानें आपलें अन्न तयार करिते. वायु घेण्यासाठीं पानाला सूक्ष्म छिद्रें असतात. परंतु छिद्र उघडलें कीं वायु आंत येतो तसें आंतलें पाणीहि बाहेर जातें. ज्वारी, आंबा, भोपळा हीं छिद्रें दिवसा उघडतात. त्यांस तें परवडतें. फड्या निवडुंगाची गोष्ट निराळी. तो दिवसा छिद्रें मिटून घेतो आणि रात्रीं, गारव्यांत, उघडतो. रात्रीं घेतलेला वायु तो आम्लाच्या रूपानें सांठवितो आणि दुसऱ्या दिवशीं दारें लावून त्याचें अन्न करितो. ह्यांत पाणी वांचतें, परंतु वाढ मंद होते. आतां नवलाची गोष्ट ही कीं शिंदळ माकुडीच्या एकाच अंगांत ह्या दोनहि रीती आहेत. तिचीं पानें आंब्याप्रमाणें दिवसा चालतात, आणि तिचें खोड निवडुंगाप्रमाणें रात्रीं. पाणी मुबलक असतां पानांनीं झपाट्यानें कमाई करावयाची, आणि पाणी सरलें कीं पानें सोडून देऊन खोडाच्या शिलकीवर दिवस काढावयाचे, असा तिचा क्रम आहे. आपल्याकडील शेतकऱ्याला हा हिशेब समजावून सांगावा लागणार नाहीं.

पावसाळा सरत आला कीं तिला फुलें येतात. फूल रुपयाएवढें, पांच कोनांच्या ताऱ्यासारखें, काळसर तांबड्या रंगाचें असून त्यावर पिवळ्या खुणा असतात. हिरव्या-काळ्या कड्यावर तें खालूनहि दिसतें. रुईच्या फुलाप्रमाणें ह्याचेहि पराग सुटे नसतात. त्यांच्या इवल्याशा पुड्या असून त्या जोडीनें एका चिमट्याला अडकविलेल्या असतात. माशी फुलावर बसली, तिचा पाय चिमट्यांत सांपडला, आणि ती जोर करून उडाली म्हणजे पुड्या तिच्याबरोबर दुसऱ्या फुलावर जातात. पुढें बारीक, लांब अशा शेंगांची जोडी धरिते. शेंग उकलली कीं रुईच्या म्हाताऱ्यांसारख्या पिसारा असलेल्या बिया वाऱ्यावर निघतात. त्यांतली एखादी नेमकी मातीच्या भेगेंत पडली तर पडली. बाकीच्या नुसत्या खडकावर किंवा दरींत जातात.

शास्त्रीय जगाला ह्या रोपाची ओळख निकोल अलेक्झांडर डाल्झेल ह्यांनीं करून दिली. हे मूळचे स्कॉटलंडचे. मुंबई इलाख्याच्या जंगलखात्यांत त्यांनीं नोकरी केली, आणि इ. स. १८६१ मध्यें गिब्सन ह्यांच्यासह इलाख्यांतील वनस्पतींचा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यानंतर थोड्याच वर्षांत त्यांनीं शिंदळ माकुडीचें वर्णन लिहिलें, आणि त्या वेळचे मुंबईचे गव्हर्नर सर बार्टल फ्रियर ह्यांच्या नांवावरून तिला 'फ्रेरिया इंडिका' असें नांव दिलें. फ्रियर ह्यांचा कारभार १८६२ ते १८६७ असा पांच वर्षांचा होता. पुढें पंडितांनीं हिला दुसऱ्या कुळशाखांत घालून नांवें बदललीं, तरी 'फ्रियर' हा शब्द कांहीं सुटला नाहीं. ज्या डोंगरकरी लोकांनीं तें रोप पिढ्यान् पिढ्या पाहिलें त्यांच्यापैकीं कोणाचें नांव त्याला मिळालें नाहीं, हें मनांत आल्याशिवाय राहत नाहीं.

आतां तिच्यावरील संकटाविषयीं. जगांतील नाहींशा होण्याच्या बेतास आलेल्या वनस्पतींच्या नोंदींत शिंदळ माकुडीचें नांव गेलें आहे. कारणें दूरचीं नाहींत. शेळीला रसाळ पाला फार प्रिय, आणि शेळी बरीच उंच चढते. म्हणूनच आज हें रोप बहुधा शेळीचा पाय जेथें पोंचत नाहीं अशाच जागीं उरलें आहे, असा तर्क करावयास जागा आहे. दुसरें, वणवा. पुढल्या वर्षीं गवत चांगलें यावें ह्या समजुतीनें फाल्गुन-चैत्रांत डोंगर पेटविण्याची चाल अनेक गांवीं आहे. गवताचें मूळ मातीखालीं राहतें, म्हणून तें वांचतें. माकुडीची सर्व शिल्लक उघड्या खोडांत असते. ती एका रात्रींत जळते. आग उतारावरून चढतां चढतां कड्याच्या पायथ्यापर्यंत जाते, आणि तेथील भेगांतलीं रोपें तिच्या तडाख्यांत येतात. शिवाय दरडी कोसळणें, दगडाच्या खाणी व रस्ते हीं आहेतच, आणि शोभेसाठीं रोप उपटून नेणारेहि आहेत.

कोणी म्हणेल, हिची कांडी तोडून लाविली तर सहज मूळ धरिते, परदेशांतहि लोक ती कुंडींत वाढवितात, मग भय कसलें? कांडी लागते हें खरें आहे, आणि ह्याच रीतीनें वाढविलेलीं रोपें डोंगरांत परत लावण्याचे प्रयत्नहि वनस्पतिशास्त्रज्ञांनीं केले आहेत. परंतु कांडीपासून झालेलें रोप म्हणजे त्याच जुन्या रोपाचा तुकडा. शंभर कुंड्या असल्या तरी त्या एकाच झाडाच्या असूं शकतात, आणि एक रोग त्या सर्वांस पुरतो. शिवनेरीवरचें झुडूप आणि वज्रगडावरचें झुडूप हीं निरनिराळ्या बियांचीं, निरनिराळ्या वाऱ्यापावसांत टिकलेलीं आहेत. एका कड्यावरचीं सगळीं गेलीं तर त्यांच्यासारखीं दुसरीकडून आणतां येणार नाहींत.

म्हणून ज्यांचें गांव कड्याखालीं आहे त्या शाळामास्तरांनीं व उपदेशकबंधूंनीं भाद्रपद-आश्विनांत मुलांसह पायवाटेवरून वर पाहावें. कड्यावर कोणीं चढूं नये. पाऊस झाल्यावर खडक फार निसरडा असतो. काळसर तांबडें, पांच कोनांचें फूल दिसलें तर तें तोडूं नये. वहींत जागा, कड्याचें तोंड कोणत्या दिशेस आहे, रोपें सुमारें किती, फूल आहे कीं शेंग, आणि मागील उन्हाळ्यांत तेथें वणवा लागला होता कीं काय, एवढें लिहून ठेवावें, व जवळच्या वनरक्षकास कळवावें. पुढील वर्षीं त्याच सुमारास त्याच जागीं पुन्हां मोजावें.