हातांनी मिळवायची विद्या

छत्रपती संभाजीनगरच्या नगर नाक्यावरून छावणीच्या हद्दीतून गोलवाडीकडे व पुढे वाळूजकडे जाणाऱ्या रस्त्याने कामगारांच्या बसगाड्या रोज ये-जा करतात. परंतु त्याच रस्त्याने शाळेस जाणाऱ्या नववी-दहावीच्या विद्यार्थ्यास, या गाड्या ज्या कारखान्यांच्या दारांशी थांबतात त्यांच्या आत नेमके काय घडते, याची बहुधा काहीच कल्पना नसते. १९८५ साली बजाज ऑटोने वाळूज येथे उत्पादन सुरू केले, त्याच्या आश्रयाने सुट्या भागांचे अनेक लहानमोठे कारखाने उभे राहिले, चिकलठाणा व शेंद्रा येथील औद्योगिक वसाहती विस्तारल्या. तथापि दहावीचा निकाल हाती येईपर्यंत मुलाने पुस्तकापलीकडे पाहू नये, हा आपल्या घरांतील दंडक मात्र कायम राहिला.

या दंडकामागची पालकांची भीती निराधार नाही. उपाहारगृहांत आणि गॅरेजांत राबून ज्यांचे शिक्षण खुंटले अशी मुले आपण सर्वांनीच पाहिली आहेत, आणि म्हणूनच १९८६ च्या बालकामगार कायद्यात २०१६ साली दुरुस्ती होऊन चौदा वर्षांखालील मुलांना, घरच्या व्यवसायातील मदतीसारखे मोजके अपवाद वगळता, कामावर ठेवण्यास, व चौदा ते अठरा वयाच्या मुलांना धोकादायक कामास लावण्यास मनाई झाली. परंतु मुलाच्या श्रमातून मालकाने नफा काढणे वेगळे आणि कामाच्या द्वारे मुलाने ज्ञान मिळवणे वेगळे. हा भेद ज्या पालकास उमगला, त्याच्या चिंतेचे रूपांतर जागरूकतेत होते.

दुसऱ्या प्रकारच्या शिक्षणाचा उत्तम दाखला पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे आहे. १९८३ साली डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी तेथे विज्ञान आश्रम स्थापन केला, आणि आठवी ते दहावीच्या विद्यार्थ्यांनी आठवड्यातील एक दिवस अभियांत्रिकी, ऊर्जा व पर्यावरण, शेती व पशुपालन, तसेच गृह व आरोग्य या विषयांतील प्रत्यक्ष कामे करावीत, त्यांतून गावाच्या गरजेच्या वस्तू व सेवा निर्माण कराव्यात, असा अभ्यासक्रम घडवला. ज्याने छपराचा उतार स्वतः मोजला त्याला त्रिकोणमिती परकी वाटत नाही. आणि ज्याचा सांधा गळला त्याला आपली चूक दाखवण्यासाठी परीक्षकाच्या लाल शाईची आवश्यकता उरत नाही.

आपल्या मुलामुलींसाठी हा मार्ग वयाच्या क्रमाने आखता येतो. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांसाठी दहा दिवस दप्तराविना स्थानिक कारागिरांच्या सहवासात शिकण्याची सूचना केली आहे. पैठणच्या मागावरील पैठणी आणि या शहराचा हिमरू ज्या भूमीत विणला गेला, तेथे अशा गुरूंचा दुष्काळ असण्याचे कारण नाही. नववीपासून काही माध्यमिक शाळांत व्यवसाय शिक्षणाचा विषय घेता येतो; तो आपल्या शाळेत आहे काय, याची चौकशी मुख्याध्यापकांकडे अवश्य करावी. दहावीनंतर औद्योगिक प्रशिक्षण संस्था (आयटीआय) आहे, चिकलठाण्याचे इंडो-जर्मन टूल रूम आहे. आयटीआय म्हणजे शिक्षणाची अखेर, ही समजूत तर पालकांनी समूळ टाकून द्यावी. कारण दहावीनंतर दोन वर्षांचा व्यवसाय अभ्यासक्रम उत्तीर्ण झालेल्यास तंत्रनिकेतनात थेट दुसऱ्या वर्षास, आणि पदविकेनंतर अभियांत्रिकीच्याही थेट दुसऱ्या वर्षास प्रवेशाची वाट खुली आहे.

कारखान्यातील शिकाऊ उमेदवारीस १९६१ च्या कायद्याचा आधार आहे. त्यानुसार किमान वय चौदा वर्षांचे, धोक्याच्या उद्योगांत अठराचे. उमेदवारास विद्यावेतन मिळते, करारनाम्याची नोंदणी होते, आणि उमेदवार अज्ञान असल्यास त्याच्या वतीने पालकच करार करतो. ती सही करण्यापूर्वी पालकाने करारनामा अक्षरशः वाचावा, आणि चार गोष्टी स्पष्ट विचारून घ्याव्यात: शिकवणारा जबाबदार उस्ताद कोण, मुदत संपेपर्यंत कोणकोणती कामे शिकवली जाणार, यंत्रांपासून संरक्षणाची व्यवस्था काय, आणि अखेरीस मिळणारे प्रमाणपत्र कोणाचे. ज्या ठिकाणी केवळ झाडलोट वा ओझी उचलणे नशिबी येणार असेल, तेथे विद्यावेतन कितीही आकर्षक असो, नकार देण्यात संकोच करू नये.

विद्यार्थ्यांनीही एक व्रत घ्यावे: जे काम केले त्याची रोज टिपणवही लिहावी, मापे व आकृत्या काढाव्यात, आणि न समजलेले निःसंकोच विचारावे. ज्याला आपण काय केले आणि ते तसेच का केले हे सांगता येते, त्याला पुढे विज्ञान शाखा घ्यावी की हुन्नर पत्करावा, याचा निर्णय शेजाऱ्याच्या सल्ल्यावर सोपवावा लागत नाही. तो स्वतःच्या अनुभवावर करतो. आपल्या पाल्यास या वयात द्यावी अशी याहून मोलाची शिदोरी मला तरी दुसरी दिसत नाही.