'डूलॅली' : एका शब्दाची जन्मकथा

इंग्रजी कोश चाळतांना कधीं कधीं आपल्या शेजारचेंच गांव अनपेक्षितपणें भेटतें. 'डूलॅली' हा असाच एक चमत्कारिक शब्द. 'वेडा', 'डोकें फिरलेला' हा त्याचा अर्थ. इंग्लंडांत घरगुती बोलण्यांत तो आजही, बहुधा थट्टेनें, योजिला जातो. ग्रीक वा लॅटिन भाषेंत त्याचें मूळ शोधूं गेल्यास श्रम व्यर्थ जातील. येवल्याहून मनमाडास जावें, तेथें मुंबईची गाडी धरावी. नासिकरोडच्या पुढलेंच स्थानक हें या शब्दाचें जन्मस्थान होय. तें म्हणजे आपली देवळाली!

गांवाच्या नांवास असा अर्थ कां यावा? १८६१ सालीं देवळालीस ब्रिटिश सैन्याची छावणी वसली. नोकरीची मुदत संपवून मायदेशीं निघालेले गोरे शिपाई येथें जहाजाची वाट पाहत. परंतु तीं जहाजें मुंबईहून साधारणतः नोव्हेंबरपासून मार्चपर्यंतच सुटत. शेवटचें जहाज चुकलें कीं, सारा उन्हाळा व पावसाळा छावणींतच काढावा लागे. हातास काम नाहीं. ऊन, हिंवताप, दारू आणि घरची ओढ मात्र आहे. अशा स्थितींत कित्येकांचें चित्त ठिकाणावर राहत नसे. त्यांस 'डूलॅली टॅप' झाला, असें सोबती म्हणूं लागले. फ्रँक रिचर्ड्स या जुन्या शिपायानें १९३६ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या आठवणींत याची हकीकत दिली आहे.

आतां शब्दाची फोड पाहूं. 'ळ' हा वर्ण इंग्रजाच्या जिभेस अपरिचित. म्हणून 'देवळाली'ची 'डूलॅली' झाली. 'टॅप' म्हणजे येथें पाण्याचा नळ नव्हे. तो हिंदुस्थानींतील 'तप', अर्थात् आपला 'ताप' होय. दोहोंचें नातें 'तप्' या संस्कृत धातूशीं आहे. तेव्हां 'डूलॅली टॅप' म्हणजे सरळ 'देवळालीचा ताप'. पुढें 'टॅप' गळून पडला, आणि एकटें ग्रामनाम वेडेपणाचें वाचक होऊन बसलें.

विद्यार्थिमित्रहो, या गळून पडलेल्या अर्ध्या शब्दांतच खरें शहाणपण होतें. ताप हा आजार आहे. तो कोणासही येतो, आणि शुश्रूषेनें उतरूंही शकतो. 'ताप' गेला आणि मागें केवळ हंसें उरलें. आपण तरी काय करतों? एखाद्यास चिडवितांना 'याला येरवड्यास पोंचवा', 'ठाण्यास धाडा' असें सहज बोलून जातों. कारण त्या गांवीं मनोरुग्णालयें आहेत. परंतु तेथें कोणाचा तरी भाऊ, कोणाची तरी आई उपचार घेत असते.

देवळालीस आज भारतीय सैन्याची तोफखान्याची शाळा आहे. तीं जहाजें आणि ती प्रतीक्षा, दोन्ही इतिहासजमा झालीं. शब्द मात्र राहिला. तो पुन्हा कोठें वाचनांत आला, तर क्षणभर थांबावें, आणि घराच्या वाटेकडे डोळे लावून बसलेल्या त्या परक्या तरुणांचें स्मरण करावें.