शंका-समाधान : कॅसिनोचं दार बंद झालं, पुढे काय?

शंका : आम्ही सिंगापूरला राहतो, इथले पीआर (कायमचे रहिवासी) आहोत. नवऱ्याला कॅसिनोचा नाद लागला. गेल्या महिन्यात त्यांनी आपणहून ‘सेल्फ-एक्स्क्लूजन’साठी, म्हणजे स्वतःवरच कॅसिनोबंदी घालून घेण्यासाठी, नाव नोंदवलं. सासूबाई म्हणतात, “सुटला एकदाचा!” माझा जीव मात्र टांगणीला आहे. या बंदीचा खरंच उपयोग होतो का?
– नाव प्रसिद्ध करू नये, सिंगापूर

समाधान : होतो, पण सासूबाईंना वाटतो तेवढा नाही.

दारावर तपासणी कशी होते, यावर बरंच अवलंबून असतं. कॅनडातल्या ऑन्टारियोत बंदी घेतलेल्यांच्या यादीतले हजारो चेहरे पहारेकऱ्यांनी लक्षात ठेवायचे, अशी अपेक्षा होती. ते जमणार कसं? शेवटी २०११च्या सुमारास चेहरा ओळखणारे कॅमेरे बसवावे लागले. तुमच्याकडे नागरिकाला आणि पीआरला ओळखपत्र दाखवून, दीडशे डॉलर भरूनच आत जाता येतं. यादीत नाव असलं की तिथेच अडवतात. बंदी मोडून कोणी आत गेलाच, तर जिंकलेली रक्कमही जप्त होते. त्यामुळे तुमचं दार पक्कं आहे. पण मलेशियात गेंटिंगच्या कॅसिनोला जाणारी बस आहे, हातात मोबाइल आहे. तिथे ही बंदी चालत नाही.

कॅनडातल्याच क्वेबेकमध्ये संशोधक रोबेर लादुसर आणि सहकाऱ्यांनी बंदी घेतलेल्या लोकांचा दोन वर्षं माग ठेवला. २००७च्या त्यांच्या निबंधानुसार खेळण्याची ओढ कमी झाली, आपल्यावर ताबा असल्याची भावना वाढली. मात्र सही करणारा माणूस बहुधा आधीच पुरता टेकीला आलेला असतो. सगळं श्रेय मी अर्जाला देणार नाही. ओढ उठणं आणि पत्ते हातात येणं यांत बंदीमुळे थोडा अवधी मिळतो. त्या अवधीत उपचार सुरू व्हायला हवेत.

पगाराच्या दिवशी सावध राहा. पगार तुमच्या ताब्यातल्या खात्यात वळवा, क्रेडिट कार्डं बंद करा. कर्ज एकरकमी फेडून टाकू नका. माहेरून पैसे आणून सगळं मिटवणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. पुढची उधारी मिळायला त्यामुळे उलट सोपं जातं. हप्ते बांधा आणि ते त्यांच्याच पगारातून जाऊ द्या. वर्षभरानंतर त्यांना बंदी उठवण्यासाठी अर्ज करता येतो, तेव्हा त्याबद्दल आत्ताच, डोकं शांत असताना बोलून ठेवा. वेळ आलीच, तर पत्नी म्हणून तुम्हालाही त्यांच्यावर बंदी मागता येते. अशा अर्जांसाठी नेमलेली समिती दोघांचंही ऐकून निर्णय देते.

शंका : दादा दर शनिवारी पणजीला बोटीवरच्या कॅसिनोत जातो. गोव्यात घरच्यांना अशी बंदी घालता येते का? बाबा त्याची देणी फेडायला काजूची बाग विकायला निघालेत.
– एक वाचक, सावंतवाडी

समाधान : गोव्याच्या जुगार कायद्यात घरच्यांनी अर्ज करायची अशी तरतूद नाही. १ फेब्रुवारी २०२०पासून गोवेकरांना कॅसिनोत प्रवेशबंदी आहे, पण दादा पडला सावंतवाडीचा. त्याला ती लागू नाही. खरं तर गोवेकर कोण हे तपासायला दारावर ओळखपत्र पाहावं लागतंच. त्याच ठिकाणी स्वेच्छाबंदीची यादीही तपासता येईल. सरकारने मनावर घेतलं तर फार अवघड नाही.

तोवर दादा तयार असेल तर त्याच्याकडून कॅसिनोला लेखी कळवून घ्या, जाहिरातींचे मेसेज बंद करायला लावा, यूपीआयची मर्यादा खाली आणा. ‘हरलेले वसूल करून थांबतो’ हे वाक्य तुम्ही ऐकलं असेलच. ते आजाराचं लक्षण आहे, हट्टाचं नव्हे. म्हणून मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या. समुपदेशनाचा चांगला उपयोग होतो, काहींना औषधंही लागतात. तो जीव देण्याची भाषा करत असेल तर एकटं सोडू नका. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मराठीतून बोलता येतं.

आणि बाबांना बागेचा व्यवहार आज थांबवायला सांगा. इसाराची रक्कम घेतली असेल, तर आधी वकिलाला गाठा.