चीर गेलेली काच

यवतमाळ जिल्ह्यातल्या आर्णीत काच-अॅल्युमिनियमचं दुकान चालवणाऱ्याला खेळाशी काय घेणं? पण क्रिकेटच्या टर्फांपाठोपाठ आता पॅडलची हवा तालुक्याच्या गावांपर्यंत आली आहे, आणि पॅडलच्या भिंती काचेच्या असतात. भिंतीवर आदळून परत आलेला चेंडू खेळायचा असतो. त्याच्यामागे धावणारा माणूसही बरेचदा भिंतीवर आदळतो. १९६९ च्या सुमारास मेक्सिकोतल्या आकापुल्कोमध्ये एन्रिके कोर्कुएरा यांनी आपल्या घरी हा खेळ सुरू केला. आज वीस मीटर बाय दहा मीटरच्या कोर्टाला साधारण अठरा काचा लागतात. त्यातल्या चौदा तीन मीटर उंच नि दोन मीटर रुंद, बाकी चार दोन बाय दोनच्या. बारा एमएमची मोठी काच एकशेऐंशी किलो भरते. ती कुणाच्या अंगावर तुकड्यांनी आली तर काय होईल, हे आमच्या धंद्यातल्या माणसाला सांगावं लागत नाही.

नागपूर-तुळजापूर रस्त्याला टर्फ असलेल्या ओळखीच्या एका पोराने बाहेरच्या व्यापाऱ्याकडून कोर्टाचा अख्खा संच मागवला आणि उतरवताना लक्ष ठेवायला मला बोलावलं. एका काचेचा कोपरा खालच्या काँक्रीटला टेकला. टक्क असा आवाज झाला. कोपऱ्यातून हातभर लांब चीर निघाली, जरा वाकडी झाली आणि थांबली. हमाल खूश होऊन म्हणाला, "भाऊ, काच पक्की हाय जी! फुटली नाही, चीरच गेली."

माझ्या मात्र पोटात गोळा आला. चीर जाऊन थांबणं टफन काचेच्या अंगातच नाही. टफन करताना काच सहाशे अंशांच्या वर तापवतात आणि हवेच्या झोताने एकदम निववतात. बाहेरचा भाग आधी घट्ट होतो, आतला मागाहून आकसतो, त्यामुळे पृष्ठभाग कायम दाबाखाली आणि पोट ताणाखाली राहतं. या दाबामुळेच ती साध्या काचेच्या चार-पाच पट भार झेलते. पण एकदा का चीर पोटातल्या ताणापर्यंत पोचली, की अख्खी काच क्षणात बारीक दाणे होऊन खाली बसते. इथे तर काच उभीच होती आणि चिरेची कड बोटाला सुरीसारखी लागत होती. कडेला मधला प्लास्टिकचा थर नव्हता, म्हणजे लॅमिनेटेडही नव्हे. सरळ साधी काच.

पोराने फाइल पुढे केली. "काका, सर्टिफिकेट त आहे ना!" होतं, रंगीत होतं, सही-शिक्क्याचं होतं. त्यावर आयएस २५५३ भाग २ हे मानक लिहिलं होतं. भाग २ वाहनांच्या काचांचा. इमारतीच्या नि इतर कामाच्या काचांसाठी भाग १ आहे. सर्टिफिकेटवरचा लायसन्स नंबर भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर अॅपवर टाकला तर कारखान्याचं नाव भलतंच निघालं. व्यापाऱ्याने आधी दोष वाहतुकीवर ढकलला. अॅपमधली नोंद दाखवल्यावर सूर उतरला आणि माल परत गेला. भाडं मात्र पोराच्याच अंगावर पडलं.

तेव्हा पॅडलचं कोर्ट असो की दुकानाचं दार, शिक्का काचेवर शोधा. सेफ्टी ग्लाससाठी केंद्राने २०२० मध्ये गुणवत्ता नियंत्रण आदेश काढलेला आहे. प्रत्येक काचेच्या कोपऱ्यात न पुसणारा आयएसआय शिक्का, वर आयएस क्रमांक नि खाली सीएम/एल लायसन्स नंबर हवा. अठरापैकी दोन काचांवर आहे म्हणून बाकीच्या सोडू नका. युरोपच्या संचावर ईएन १२१५० असतं. त्या मानकानुसार चार ते बारा एमएमची काच मुद्दाम फोडून पाच सेंटीमीटरच्या चौकोनात किमान चाळीस तुकडे मोजतात. माणूस आदळण्याची चाचणी वेगळी, ईएन १२६००. त्यात पन्नास किलोचा लोलक काचेवर सोडतात. विक्रेत्याला दोन्ही अहवाल मागा आणि अहवालातली जाडी आपल्या मालाशी ताडून बघा. सहा एमएमचा अहवाल बारा एमएमच्या काचेला चालत नाही. घरच्या घरी करायची परीक्षाही आहे. पोलराइज्ड गॉगल घालून तिरप्या उन्हात काच बघितली, तर टफन काचेवर बहुधा पुसट ठिपके किंवा पट्टे दिसतात. एवढ्यावर पैसे मोजू नका, पण काहीच दिसलं नाही तर शंका जरूर घ्या.

"बोल्टचं भोक थोडं सरकवून द्या ना," असं गिऱ्हाईक हमखास म्हणतं. टफन झालेल्या काचेला भोक पडत नाही की ती कापताही येत नाही. मापं आणि भोकं भट्टीआधीच पक्की करावी लागतात. कुणी साइटवर कटर चालवून कड कापून दाखवली, तर काच टफन नाही हे त्यानेच सिद्ध केलं. टफन काचही क्वचित कुणी हात न लावता फुटते, आत निकेल सल्फाइडचा कण राहिला असेल तर. त्यावर हीट सोक नावाची प्रक्रिया आहे: काच पुन्हा तापवून ठेवतात, म्हणजे खोड असलेली बहुधा कारखान्यातच फुटते. थोडे पैसे जास्त पडतात. ऑर्डरमध्येच लिहून घ्या.

आणि आपली जमीन! यवतमाळची काळी कापसाची माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसाळ्यात फुगते. लोखंडी खांब वरवर रोवले तर पहिल्या पावसात कलतील आणि त्यांचा सगळा ताण काचेच्या भोकांवर येईल. माती काढून मुरूम भरा, पायाला सलग काँक्रीटचं बीम घाला, पाणी लांब काढा. काच आणि लोखंड कुठेही एकमेकांना लागता कामा नये, मध्ये रबर-नायलॉनचे बुश हवेतच. बोल्ट हाताच्या जोरापुरतेच कसा, पान्याला पाइप लावून नव्हे. पावसाळा सरला की प्रत्येक खांबाला ओळंबा लावा. एखादा कललेला दिसला, तर आधी त्याच्या काचा उतरवा आणि मगच खांबाला हात लावा.